घड्याळ कंपनीच्या मालकसाहेबांस, पूर्णगडहून साष्टांग नमस्कार

मु. पो. पूर्णगड,
ता. जि. रत्नागिरी

सन्माननीय मालकसाहेब,



पत्रास कारण की, आपलं ‘हेल्थ वॉच’ आमच्या घरी आलं आणि आपले आमच्यावर एवढे उपकार झाले, की ते मनातल्या मनात ठेवणं कृतघ्नपणाचं ठरेल. आपला वेळ मोलाचा आहे हे मी जाणते. तरी मुचकुंदी जिथे समुद्राला मिळते, त्या टोकावरच्या गावातून आलेलं हे पत्र आपण शेवटपर्यंत वाचावं, अशी पदर पसरून विनंती आहे.

आपलं नाव मी लिहीत नाही. आपल्यासारखे दानशूर बाजारात इतके झालेत, की एकाचंच नाव घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

आमचं घर इथल्या कुठल्याही घरासारखंच. दीर मुंबईला नोकरीत, सासूबाई गावी, आणि मी इथल्याच शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. आई लांब असली की मुलाच्या जिवाला घोर असतो. तो घोर आपण अचूक ओळखलात, याबद्दल आपलं पहिलं अभिनंदन. दिवाळीला दीर आले ते आपली पेटी घेऊनच. पेटीवर हृदय, ऑक्सिजन, ब्लड प्रेशर, साखर, झोप, ताण, पडल्याची सूचना, संकटाची हाक, अशी सगळी चित्रं रांगेने होती. किंमत हजार-बाराशे. एवढ्या पैशात अख्खा दवाखाना मनगटावर! दिरांना आपण निर्धास्त केलंत. त्यांची झोप सुधारली, हे मी स्वतः पाहिलंय.

आता रक्तदाबाबद्दल आभार मानते. इटलीतल्या रिव्हा-रोची या डॉक्टरांनी 1896 साली दंडाला हवेचा पट्टा बांधला. 1905 साली रशियातल्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखालचे आवाज ऐकून वरचा आणि खालचा दाब कसा ओळखायचा, ते दाखवून दिलं. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर रोग्याचा दंड आवळतायत. बिचाऱ्यांची अशी समजूत आहे, की दाब मोजायचा तर रोहिणी आधी दाबावी लागते आणि रक्त कुठे अडतं, कुठे पुन्हा वाहतं ते पाहावं लागतं. आपण ही सगळी कटकटच मिटवलीत. पट्टा नाही, हवा नाही. मनगटाखाली एक हिरवा दिवा लुकलुकतो, आणि अर्ध्या मिनिटात रक्तदाब हजर!

हा हिरवा दिवा काय करतो, हे मी शाळेत शिकवते. प्रत्येक ठोक्याला कातडीखालचं रक्त जरा वाढतं, जरा ओसरतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून परत येणारा उजेडही कमीजास्त होतो. तो मोजला की नाडी कळते, आणि चांगल्या घड्याळात ती बऱ्यापैकी बरोबर कळते. नाडीच्या या लाटेच्या आकारावरून दाबाचा अंदाज बांधायचे प्रयत्न मोठमोठ्या कंपन्या करतायत. सॅमसंगसारखी कंपनीसुद्धा सांगते, की आमच्या घड्याळावर रक्तदाब पाहायचा असेल तर दर 28 दिवसांनी दंडाच्या पट्ट्याशी ते जुळवून घ्या. आपल्या घड्याळाला असली शिकवणी कधी लागलीच नाही. आपलं घड्याळ उपजतच सर्वज्ञ. धन्य ती कंपनी!

आमच्या सासूबाईंचा रक्तदाब आपण रोज सकाळी 118/76 किंवा त्याच्या आसपास दाखवत होतात. कित्येक वर्षं गोळी घेऊनही त्यांना इतका सुंदर आकडा कधी दिसला नव्हता. त्या हरखल्या. गोळीने तोंडाला कोरड पडते, पाय सुजतात, अशी त्यांची जुनी तक्रार. त्यात आपला दाखला रोज मनगटावर. एवढं बरं असताना गोळी कशाला, असा त्यांनी हिशोब केला. घरात कुणाला न सांगता त्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागे ठेवत राहिल्या. त्यांचे गोळी गिळण्याचे कष्ट आपण वाचवलेत, त्याचेही आभार.

एका दुपारी त्या मागीलदारी भांडी घासत होत्या. डोकं गच्च झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि भिंतीला हात लावत त्या हळूच खाली बसल्या. रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. 196/108. पाच मिनिटं थांबून दुसऱ्या हातावर पाहिलं, तेव्हाही तसंच. गोळ्या का सोडल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मनगट पुढे केलं. त्याच क्षणी, त्याच बाईच्या, त्याच हातावर आपलं घड्याळ 118/76 दाखवत होतं.

साहेब, आपल्या घड्याळाची ही स्थितप्रज्ञता मला फार भावली. तिची परीक्षा घ्यावी, असं मनात आलं. घरी आल्यावर पाट्यावरचा वरवंटा धुऊन पुसून घेतला आणि आपलं घड्याळ त्याला घट्ट बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. नाडी 74, ऑक्सिजन 98, रक्तदाब 116/75. वरवंटा काळ्या दगडाचा आहे. सासूबाईंच्याही सासूच्या हातचा आहे. इतक्या पिढ्या आमच्या घरी मसाला वाटून त्याची प्रकृती अशी ठणठणीत राहिली, हे आपल्यामुळेच आम्हाला कळलं.

ऑक्सिजनचंच घ्या. ऑक्सिजन भरलेलं रक्त आणि ऑक्सिजन संपलेलं रक्त लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या तालावर हा फरक मोजता येतो, हे जपानमध्ये ताकुओ आओयागी या इंजिनिअरने 1974 साली मांडलं. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हा फरक मोजणारं यंत्र बोटाला लावून आमची घरंच्या घरं बसून होती. आकडा 94 च्या खाली गेला की माणसाला दवाखान्यात हलवायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसांत कुणाच्या मनगटावर आपलं घड्याळ असतं आणि त्यावर शेवटपर्यंत 98 दिसत राहिलं असतं, तर त्या घराला किती शांतता लाभली असती! ही कल्पना मनात आली त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्याला येत असेलच.

साखरेबद्दल तर कुठल्या शब्दांत आभार मानू? बोटाला सुई नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि घड्याळावर साखरेचा आकडा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 21 फेब्रुवारी 2024 रोजी जाहीर इशारा दिला, की कातडीला न टोचता स्वतःहून साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही, असली उपकरणं वापरू नका. चुकीच्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिन जास्त टोचून घेतलं, तर काही तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवानिशीही जाऊ शकतो, म्हणून हा इशारा. अमेरिकेच्या शास्त्रज्ञांना जमलं नाही ते आपण हजार-बाराशे रुपयांत करून दाखवलंत. एवढं मोठं संशोधन आपण कुठेच छापलं नाहीत, हा आपला विनय.

पडल्याची सूचना देणारी सोयही आमच्या चांगल्याच उपयोगी पडली. सासूबाई विहिरीवर गोधडी धोपटत होत्या, तेव्हा घड्याळाने त्या पडल्याचं ठरवलं आणि दिरांना मुंबईला निरोप धाडला. बिचारे लोकलमधून उतरून घामाघूम होऊन फोन करत राहिले. आणि ज्या दिवशी सासूबाईंना खरोखर भोवळ आली, त्या दिवशी घड्याळ गप्प होतं. त्यामागचं कारण मी समजू शकते. घड्याळातला सेन्सर जोराचा हिसका शोधतो. गोधडी धोपटताना तो मिळाला. भिंतीला धरून हळूच खाली बसणाऱ्या म्हातारीच्या हाताला कसला हिसका बसणार? चांगल्या घड्याळांनाही हे अवघड जातं, आणि त्यांच्या कंपन्या तसं सांगतात. आपण मात्र पेटीवर पडणाऱ्या आजीबाईचं चित्र छापून मोकळे झालात.

आपल्या अॅपची आत्मीयता तर काय वर्णावी! सासूबाईंची नाडी मोजण्याआधी त्याने दिरांच्या फोनमधले सगळे नंबर मागितले, फोटो मागितले, ते कुठे असतात ते चोवीस तास कळावं अशी परवानगी मागितली. घरातल्या जावयानेही इतकी चौकशी कधी केली नाही. आमच्या म्हातारीची झोप, तिच्या छातीचे ठोके, तिचं वजन हे सगळं कुठल्या देशातल्या कुठल्या कपाटात जाऊन बसलं, ते आम्हाला कळलेलं नाही. ते सुखरूप असेल, अशी आशा आहे.

मी यंत्रांच्या विरोधात आहे, असा आपला गैरसमज होऊ नये म्हणून थोडं आमच्या किनाऱ्याबद्दल लिहिते. मुचकुंदीवरच्या पुलापलीकडे गावखडी आहे. तिथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. 2022 साली आमच्याच जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांचं ते काम. पहिलीचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. कासव पाण्यावर आलं तरच ते यंत्र बोलतं, एरवी गप्प राहतं. एकेकीचा संदेश येणं थांबलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी संदेश थांबला असंच जाहीर केलं. ती मजेत आहे, रोज इतके मैल पोहते, असे आकडे रचून आम्हाला खूश ठेवलं नाही. कासवाला जो प्रामाणिकपणा मिळाला, तो आमच्या सासूबाईंना मिळाला नाही.

आमच्या मच्छीमारांचंही सांगते. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. रत्नागिरीच्या होड्या समुद्रात होत्या, आणि काही माणसं परत आलीच नाहीत. समुद्रात संकटात सापडलेल्या होडीसाठी इस्रोने केलेलं यंत्र 2010 पासून वापरात आहे. बटण दाबलं की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला हाक जाते. पण जुन्या यंत्रात एक उणीव होती. हाक पोचली की नाही, हे होडीवर कळत नसे. इस्रोने ती उणीव मान्य केली आणि नव्या पिढीच्या यंत्रात उलट पोच देण्याची सोय केली. पुढे 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू झाली. तुमची हाक पोचली, एवढं एक वाक्य खवळलेल्या समुद्रातल्या माणसाला मिळावं, म्हणून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपले. आपण आपल्या घड्याळावर ‘संकटाची हाक’ असं लाल बटण दिलंत. ते फोन जवळ असेल, ब्लूटूथ चालू असेल आणि रेंज असेल तरच चालतं, हे आम्ही आमचं आम्ही शोधून काढलं.

चांगली घड्याळंही जगात आहेत. 2022 च्या जुलैत लोणावळ्याजवळ विसापूर किल्ल्याहून परतताना एक कॉलेजचा मुलगा दरीत घसरला. मनगटावरच्या घड्याळावरून त्याने घरी फोन लावला, म्हणून माणसं त्याच्यापर्यंत पोचली. 2019 साली अॅपलच्या घड्याळाचा एक अभ्यास छापून आला. त्यात चार लाखांवर माणसं होती. ठोके अनियमित असल्याची सूचना ज्यांना मिळाली, त्यांच्यातल्या काहींनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून घेतली. त्यातल्या 34 टक्क्यांमध्येच तो दोष पट्टीवर दिसला. हा आकडा अॅपलवाल्यांनी दडवला नाही. आमचं घड्याळ हार्ट अॅटॅक ओळखत नाही, हेही ते स्वच्छ लिहितात. आपल्याला काय येत नाही, ते सांगण्याची त्यांना लाज वाटत नाही. कुठल्याही यंत्रावर मी विश्वास टाकते तो एवढ्या एका गोष्टीसाठी.

आपणही अगदीच लिहिलं नाहीत असं नाही, हे मला मान्य करायलाच हवं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत आपण छापलंयत, की हे वैद्यकीय उपकरण नाही आणि याचे आकडे उपचारासाठी वापरू नयेत. मी भिंग घेऊन ते वाचलं. 1 एप्रिल 2020 पासून आपल्या देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. रक्तदाबाचं यंत्र म्हणून विकायचं, तर नोंदणी आली, तपासणी आली, जबाबदारी आली. आपण पुढून रक्तदाबाचं चित्र छापलंत आणि मागून हळूच म्हणालात, की ही आपली गंमत. म्हातारी पुढचं चित्र पाहते आणि कोर्ट मागचं वाक्य वाचतं, याची आपल्याला पुरेपूर जाण आहे. आपल्या वकिलांना माझा नमस्कार सांगावा.

आता आपल्या थोरपणाला साजेशा तीन याचना करते. हात जोडून करते.

पहिली याचना. आपल्या घड्याळाला जे मोजता येत नाही, ते त्याने दाखवू नये. आकड्याच्या जागी एक आडवी रेघ दाखवावी. हात सैल असेल, दिवा नीट लागला नसेल, समोर माणूस नसून दगड असेल, तेव्हा ‘मला कळलं नाही’ असं म्हणावं. आठवीतल्या मुलाने प्रयोग न करता वहीत निरीक्षण लिहिलं, तर मी त्याला शून्य गुण देते. आपल्याला त्याहून कमी कसे देता येतील, याचा मी विचार करते आहे.

दुसरी याचना. शेवटच्या पानावरचं ते वाक्य मराठीत, ठसठशीत अक्षरांत पेटीच्या तोंडावर यावं. ‘या घड्याळावरून रक्तदाब किंवा साखर कळत नाही. हे पाहून औषध बंद करू नका.’ एवढंच. ते छापल्यावर खप कमी होईल, अशी भीती आपल्याला वाटेल. मग आजवर आपण नेमकं काय विकत होतात, ते त्या भीतीनेच कळेल.

तिसरी याचना. ज्यांनी आपलं घड्याळ बघून गोळ्या सोडल्या, त्या सगळ्यांना कळवायची व्यवस्था करावी. दिरांचे फोन नंबर, त्यांच्या ओळखीपाळखीच्यांचे नंबर, सगळे आपल्यापाशी आहेतच. विक्रीच्या जाहिराती रोज येतात. त्यातला एक निरोप या कामी लावावा.

आपलं उत्तर येईतो आमच्या माणसांनी हातावर हात ठेवून बसू नये, म्हणून त्यांनाही आपल्यासमक्षच सांगून ठेवते. आईला भेट द्यायची असेल, तर दंडाला पट्टा बांधायचं चांगलं यंत्र द्या. मोजण्याआधी पाच मिनिटं तिला शांत बसू द्या. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, दंड छातीच्या उंचीवर. बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. आरोग्य खात्याच्या आशाताई घरी आल्या की ती वही त्यांना दाखवा, आणि वर्षातून एकदा ते यंत्र दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहा. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आईच्या साध्या फोनवर 5 किंवा 9 चं बटण दाबून धरलं की 112 ला फोन लागतो का, ते तिच्यासोबत बसून एकदा पाहून घ्या. 2017 पासून देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ही सोय असलीच पाहिजे, असा नियम आहे. पावसाळ्यात बागेत, शेतात जाणाऱ्यांनी पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनवर ठेवावं. जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते आगाऊ सांगतं. आणि मुलांनो, मुंबईहून रोज आईला फोन करा, पण घड्याळ काय सांगतंय ते विचारू नका. गोळी घेतलीस का, ते विचारा.

मालकसाहेब, सासूबाई आता बऱ्या आहेत. गोळी चालू आहे, रक्तदाब ताब्यात आहे. आमचं नशीब, म्हणून मला हे पत्र आपले आभार मानत लिहिता येतंय. ज्या घरी नशिबाने साथ दिली नाही, तिथून आपल्याला पत्र आलं नसेल. तिथलं मौन म्हणजे समाधान, असं आपण धरून चालू नये.

उत्तराची वाट पाहते. ते मराठीत असावं आणि मोठ्या अक्षरांत असावं. आमच्या सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

कळावे, लोभ आवरता घ्यावा, ही विनंती.

आपली ऋणाईत,
पूर्णगडची एक सूनबाई